दोष दाढेचा नव्हता

काही वर्षांपूर्वी रेणापुरात असताना माझा कानापुढचा सांधा दुखू लागला. भाकरी चावताना कट् असा आवाज येई. कविसंमेलनात ओळ तोंडातच अडे. संशय दाढेवर आला, ती काढली. दुखणे मात्र राहिले.

पुढे वाचनात आले, की हे दुखणे जुने आहे आणि ही चूकही नवी नाही. निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा व पट्टीने बांधावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. १९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या डॉ. जेम्स कॉस्टन यांनी कानाच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडला. पण दोष दिला पडलेल्या दाढांना. त्यानंतर कित्येक वर्षे दातांचा चावा दुरुस्त करण्यावरच भर राहिला. पुढे कळले, की स्नायूंचा ताण, दात आवळण्याची सवय आणि मनातली काळजी यांचाही यात वाटा असतो.

म्हणून आधी साधे उपाय करावेत: मऊ खावे, शेक घ्यावा, मोठी जांभई आवरावी, ओठ मिटले तरी दात सुटे ठेवावेत. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. जबडा अडकला किंवा सूज आली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

अम्मी शेकायची तशी गरम मिठाची पुरचुंडी मीही करू लागलो. दाढ गेली ती गेलीच; ओळ मात्र आता अडत नाही.