घरच्या बिअरने डोळे जातात का?

मुलं परदेशात असलेले आईवडील तपासणी आटोपल्यावर, उठता उठता, अधूनमधून हा प्रश्न विचारतात. "डॉक्टर, मुलगा तिकडे बादलीत बिअर करतोय म्हणे. पहिलाच प्रयत्न आहे. डोळे वगैरे जाणार नाहीत ना?"

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या बातम्यांमुळे 'घरची दारू' आणि 'आंधळेपण' या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींना चिकटल्या आहेत. पण बिअर आणि हातभट्टी यांच्यात मोठा फरक आहे. घरच्या बिअरमध्ये धोका नेमका कुठे असतो, हे तिच्या इतिहासातून फार चांगलं कळतं. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरती बनवली तरी. त्यामुळे हा लेख म्हणजे कृती नव्हे. जिथे हे कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्यांसाठी आणि त्यांची इथे काळजी करणाऱ्यांसाठी तो आहे.

डोळे घालवणारं रसायन म्हणजे मेथॅनॉल. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. त्याचे दहा मिलीलिटरही कायमचं अंधत्व आणू शकतात. बिअर म्हणजे धान्य आंबवून तयार झालेलं पेय. यीस्ट धान्यातली साखर खातं आणि इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. आंबवताना मेथॅनॉल तयार होतं ते मुख्यतः फळांच्या सालीगरात असलेल्या पेक्टिनपासून, आणि सातूत पेक्टिन अगदी कमी असतं. त्यामुळे बिअरमधलं मेथॅनॉल नगण्य असतं. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटनांमध्ये मेथॅनॉल येतं ते कारखान्यात वापरण्याचं रसायन दारूत मिसळल्यामुळे. म्हणजे बादलीतल्या बिअरने मेथॅनॉलची विषबाधा होत नाही. मात्र तीच बिअर चुलीवर ठेवून 'थोडी कडक' करण्याचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा उद्योग कुणी सुरू केला, तर तो निराळा आणि धोक्याचा प्रकार आहे. बहुतेक देशांत तो बेकायदाही आहे.

हा छंद आज दिसतो त्या रूपात फार जुना नाही. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं बिअर घरातच होत असे, आणि ते बायकांचं काम होतं, भाकरीसारखंच. १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी मद्यावरच्या कराची पद्धत बदलली आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. ही अट १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. अमेरिकेत गंमत अशी झाली की १९३३ मध्ये देशव्यापी दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, पण बिअरचा उल्लेख राहूनच गेला. ती चूक दुरुस्त करणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही व्हायला १९७८ उजाडलं.

१९६३ नंतरचा इंग्लंडमधला नवशिक्या डोळ्यांसमोर आणा. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचं घरगुती बिअरवरचं छोटं पुस्तक आलं. पुढे तर बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही बिअरचं किट मिळू लागलं. किटमध्ये माल्टच्या घट्ट पाकाचा डबा आणि यीस्टची पुडी. मोड आणून वाळवलेली सातू म्हणजे माल्ट. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, साधारण तीच कल्पना. पाक पाण्यात मिसळायचा, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचा, २० अंशांच्या आसपास निववायचा, यीस्ट घालायचं, झाकायचं. आठवडा-दोन आठवडे बुडबुडे येतात. ते थांबले की बाटलीत थोडी साखर घालून भरायचं आणि पुन्हा दोन आठवडे वाट पाहायची.

एवढं सोपं असूनही पहिला घाणा हमखास बिघडायचा. कधी आंबट व्हायचा, कधी त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. कारण शोधायला गेलो तर आपण थेट वैद्यकशास्त्राच्या पायरीशी पोहोचतो.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सने जर्मनीकडून मार खाल्ला. लुई पाश्चर इतके दुखावले की बॉन विद्यापीठाने दिलेली वैद्यकशास्त्राची मानद पदवी त्यांनी परत पाठवली. मग फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या तोडीची करायची, असं त्यांनी मनावर घेतलं. १८७१ मध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात गेले आणि तिथलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. गोलसर यीस्टच्या पेशींमध्ये त्यांना काड्यांसारखे, धाग्यांसारखे भलतेच जीव दिसले. बिअर बिघडवणारे तेच होते. आठवड्याने ते परत गेले, तोवर कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत आणला होता! १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरचा ग्रंथ आला. बिअर 'आजारी' पडते ती बाहेरून शिरलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्याचं सार. मग माणूसही तसाच आजारी पडत असेल, हा विचार एका पावलावर होता. ते पाऊल जोसेफ लिस्टर यांनी पाश्चरांच्या आंबवण्यावरच्या आधीच्या कामावरून १८६७ मध्येच टाकलं होतं. शस्त्रक्रियेच्या जखमा ते कार्बोलिक ॲसिडने धूत होते. आज मी इंजेक्शन देण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवतो, त्याची एक मुळी बिअरच्या पिंपात आहे.

पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला, आणि मालकांनी तो इतर कारखान्यांना फुकट दिला. नवशिक्याच्या हातातली यीस्टची पुडी ही त्याचीच वंशज. (त्याच प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सोरेनसन यांनी पीएच मोजपट्टी मांडली. आणि औषधांच्या चाचण्यांत वापरली जाणारी 'टी-टेस्ट' १९०८ मध्ये गिनेसच्या नोकरीत असलेल्या गॉसेट यांची. आम्हा डॉक्टरांवर बिअरवाल्यांचे उपकार बरेच आहेत, हे मान्य करायला हरकत नाही.)

मग बिघडलेली बिअर प्यायल्याने माणूस आजारी पडतो का? सहसा नाही. उकळल्यामुळे जंतू मरतात. नंतर शिरलेल्यांना हॉप्सचा कडवटपणा, आंबटपणा, अल्कोहोल आणि प्राणवायूचा अभाव एवढं सगळं सोसावं लागतं. टायफॉइड-कॉलऱ्याच्या जंतूंना ते झेपत नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने शेकडो माणसं गेली, तेव्हा त्याच रस्त्यावरच्या बिअर कारखान्यातले सत्तरहून अधिक कामगार वाचले. जॉन स्नो यांनी याची नोंद केली आहे. त्या कामगारांना रोज बिअर मिळायची आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. त्या दूषित पंपाकडे ते फिरकतच नव्हते.

खरा धोका आला तो दोन वाटांनी: कच्चा माल आणि भांडं.

१९०० साली मँचेस्टर परिसरात हातापायांना मुंग्या येणारे, चालता न येणारे रुग्ण अचानक वाढले. डॉक्टरांनी निदान केलं, दारूमुळे नसा खराब झाल्या. दारुडा म्हटला की पुढे विचार करायची गरज काय! डॉ. अर्नेस्ट रेनॉल्ड्स यांना मात्र खटकलं की आजारी पडणारे सगळे बिअर पिणारे आहेत, व्हिस्कीवाले नाहीत. शिवाय रुग्णांची कातडी काळवंडलेली होती, आणि नागीणही खूप दिसत होती. त्यांनी बिअर तपासली, तर त्यात आर्सेनिक. स्वस्त बिअरमध्ये माल्टऐवजी साखर वापरत, ती साखर सल्फ्युरिक ॲसिड वापरून बनवत आणि ते ॲसिड आर्सेनिक असलेल्या खनिजापासून आलेलं. सहा हजारांवर लोक आजारी पडले, सत्तरच्या आसपास मरण पावले. रुग्णाच्या कपाळी शिक्का मारून मोकळं झालं की काय होतं, यासाठी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

ही कारखान्याची गोष्ट झाली. घरच्या बिअरची तितकीच बोलकी गोष्ट आफ्रिकेतली आहे. १९२९ मध्ये जोहान्सबर्गला स्ट्रॅकन यांनी शवविच्छेदनांमध्ये यकृतात लोहाचे प्रचंड साठे नोंदवले. पुढे कारण उलगडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांत ज्वारी-मक्याची बिअर लोखंडी भांड्यांत आणि पिंपांत आंबवत. आंबट द्रव लोखंड विरघळवतो आणि रोज पिणाऱ्याच्या पोटात अन्नातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लोह जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते यकृतात साचतं. त्यातून सिरोसिस, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा. याला अनुवंशिक कारणाचीही जोड असावी, असं नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. रक्त कमी असलेल्या तरुण मुलींना मी लोखंडी कढईत आमटी करायला सांगतो, ते याच रसायनशास्त्राच्या भरवशावर. लोह तेच, पण वाटीभर आमटी आणि रोजची दोन-तीन लिटर बिअर यांत फरक आहे.

आणि जानेवारी २०१५. मोझांबिकमधल्या चितिमा गावात अंत्यविधीला जमलेल्यांनी मक्याच्या पिठाची घरगुती बिअर घेतली. ७५ माणसं गेली. मगरीचं पित्त कुणीतरी मिसळलं, अशी आधी कुजबुज झाली. तपासात निघालं बोंगक्रेकिक ॲसिड. खराब झालेल्या पिठात वाढलेल्या बॅक्टेरियाचं हे विष. ते उकळूनही नष्ट होत नाही. मघाशी मी म्हटलं की उकळल्याने जंतू मरतात, ते खरंच आहे. पण जंतूंनी आधीच सोडलेलं विष मरत नाही. बुरशी आलेले शेंगदाणे भाजून खाऊ नका, असं म्हणतो त्यामागेही हेच तत्त्व आहे.

आजच्या किटवाल्या नवशिक्यापुढे आर्सेनिक नाही, खराब पीठही नाही. त्याला सांभाळायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. भांडं स्टीलचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचं हवं. रंगाची जुनी बादली, तांब्या-लोखंडाची भांडी, पत्र्याचे डबे नकोत. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. सल्फाइटच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना धाप लागते.

डोळ्यांचा धोका मात्र खरोखर आहे. तो बाटलीच्या काचेचा. आंबवणं पूर्ण व्हायच्या आत बाटल्या भरल्या, किंवा वरची साखर लिटरला सहा-सात ग्रॅमच्या बरीच पुढे गेली, की यीस्ट बंद बाटलीत वायू सोडत राहतं आणि बाटली फुटते. नवशिक्या घाई करतो तो इथेच. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस जागचा हलत नाही तोवर थांबायचं, जाड काचेच्या बाटल्या घ्यायच्या आणि संशय आला तर चष्मा लावून त्या हाताळायच्या.

घरच्या बिअरमध्ये यीस्ट गाळलेलं नसतं. अशा बिअरमध्ये टायरामीन नावाचा पदार्थ जास्त असू शकतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी लिनेझोलिड चालू असेल, किंवा नैराश्यावरची एमएओ इनहिबिटर गटातली गोळी असेल, तर त्याने रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. ही औषधं चालू असताना ती बिअर अजिबात घेऊ नये. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर रिकाम्या पोटी अल्कोहोलने साखर एकदम उतरते.

आता अल्कोहोलबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि घरी केलेलं म्हणून त्यात सूट नाही. शिवाय घरच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली नसते. ती काढता येते: आंबवण्याआधीची घनता वजा नंतरची, गुणिले १३१. उदाहरणार्थ १.०५० वरून १.०१० वर आली तर सुमारे ५.२ टक्के. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत मग साधारण २० ग्रॅम अल्कोहोल झालं. ब्रिटनमधली सध्याची सरकारी मर्यादा आठवड्याला ११२ ग्रॅमची आहे, म्हणजे अशा पाच-साडेपाच बाटल्या. किटमधून होते २३ लिटर, म्हणजे ४६ बाटल्या, आणि त्या सगळ्या घरातच, हाताशी. एकटा राहणारा मुलगा असेल तर त्याला फोनवर मेथॅनॉलबद्दल विचारण्यापेक्षा या बाटल्या किती आठवड्यांत संपल्या ते विचारा. आठ आठवड्यांच्या आत संपल्या असतील, आणि मित्रांनी हात लावला नसेल, तर पुढच्या वेळी तो भारतात आला की यकृताची रक्ततपासणी करून घ्या.