हाड कुठलं, कातडी कुठली?

"कर्र्र... टक्."

हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला पुढचं काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो.

गेल्या उन्हाळ्यातला एक शनिवार. स्थळ: मिशिगनमध्ये एका मित्राचं गॅरेज. पात्रं तीन. मित्र, मी आणि त्याने हौसेने सेकंडहँड घेतलेली २००१ ची काळी कॉर्व्हेट. कार्यक्रम साधाच, ऑइल बदलायचं. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाच्या हातात पाना आला की त्याला एक फाजील आत्मविश्वास येतो. तो मला आला होता.

जॅक मी लावला. दाराखाली चाकापासून चाकापर्यंत जी लांब पट्टी असते, तिच्याखाली. लहानपणी बाबांना आमच्या पद्मिनीला असाच बाजूने जॅक लावताना पाहिलेलं. दांडा चार वेळा हलवला आणि वरचा आवाज आला. गाडी होती तिथेच, पट्टी मात्र हातभर तडकली.

मित्र दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "चहा टाकतो." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसलो. प्रश्न एकच होता: गाडीचं वजन नक्की कशावर असतं? उत्तर शोधता शोधता शंभर वर्षं मागे गेलो.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हा प्रश्नच नव्हता. १९०८ ची फोर्डची मॉडेल टी घ्या. खाली पोलादाची भक्कम चौकट, तिच्यावर इंजिन, आणि वर बसायला एक खोकं. बैलगाडीचीच पद्धत म्हणा ना. चौकट उंचावर आणि उघडी, त्यामुळे जॅक कुठे लावायचा हे शेंबडं पोरही सांगेल. हाडं बाहेरून दिसत होती!

मग १९२२ साली इटलीच्या व्हिन्सेंझो लान्चाने लॅम्ब्डा नावाची गाडी दाखवली. तिला वेगळी चौकट नव्हती. जहाजाच्या कवचासारखं अंगच वजन पेलायचं. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएनने त्याच विचाराची ट्रॅक्सियों आव्हां मोठ्या संख्येने बाजारात आणली. चौकट गेली तशी गाडी हलकी झाली आणि जमिनीजवळ आली. पण जॅक लावायची उघड जागाही त्याबरोबर गेली. आता ती कारखान्याने मुद्दाम करून द्यावी लागणार होती. बाबा पद्मिनीला लावायचे ती जागाही अशीच ठरवून दिलेली होती. मला त्यातली फक्त 'बाजू' आठवत होती, 'जागा' नाही.

आता आमच्या कॉर्व्हेटची आजी. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने पहिली कॉर्व्हेट लोकांपुढे ठेवली. त्या वर्षी मिशिगनमधल्याच फ्लिंट गावी फक्त ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या आणि आतून लाल. अंग फायबरग्लासचं. कारण अगदी व्यवहारी होतं. पत्रा ठोकायचे साचे बनवायला पैसाही फार लागतो आणि वेळही, आणि एवढ्या थोड्या गाड्यांसाठी ते परवडत नाही. पण खाली पोलादी चौकट होतीच. म्हणजे फायबरग्लास हा निव्वळ अंगरखा. त्याने वारा अडवायचा आणि छान दिसायचं, वजनाशी त्याचा संबंध नाही.

चारच वर्षांनी इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनने याच्या बरोबर उलट केलं. १९५७ च्या लंडनच्या प्रदर्शनात आलेली लोटस एलिट ही आख्खीच फायबरग्लासची. अंगही तेच आणि सांगाडाही तोच. वजन जेमतेम ५०० किलो. चॅपमनला वजनाचं वेड होतं. जे दोन कामं करत नाही ते गाडीत कशाला, असा एकूण खाक्या.

पण फायबरग्लासला एका टिचभर जागेवरचा दाब सोसत नाही. वजन पसरून दिलं तर तो छान पेलतो, एका बोटावर आलं की तडकतो. मग ही गाडी उचलायची कशी? चॅपमनच्या मंडळींनी दोन ठिकाणी पोलाद आत घालून घेतलं. एक पुढे, इंजिन आणि पुढच्या चाकांसाठी. दुसरी एक चौकोनी नळीची कमान, समोरच्या काचेभोवती. या कमानीवर दारांच्या बिजागऱ्या बसवल्या, गाडी उलटली तर डोकं वाचवायचं काम तिलाच दिलं, आणि जॅक लावायची जागाही तिच्याशीच जोडली. एका कमानीकडे तीन कामं! सुमारे हजार एलिट तयार झाल्या आणि १९६३ साली उत्पादन थांबलं. ज्यांनी ती गाडी घेतली त्यांना एक गोष्ट पाठ असणं भाग होतं: बाहेरून सगळं सारखंच दिसतं, पण हाड फक्त इथे आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंटरफेस म्हणतो. आत काय वाट्टेल ते असो, बाहेरच्याने हात लावायचा तो ठरवून दिलेल्या जागीच. आणि तरीही दुसऱ्याच्या कोडमध्ये नको तिथे हात घालणारे आम्हीच. :)

तर आमची २००१ ची कॉर्व्हेट. ही पाचवी पिढी, १९९७ मध्ये आलेली. हिच्या दोन्ही बाजूंना पोलादाचे लांब तुळयांसारखे भाग आहेत. सलग गोल नळीत पाण्याचा प्रचंड दाब देऊन त्यांना आकार दिलेला. एवढी भक्कम हाडं, पण ती दाराखालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला. पट्टी स्वतः नुसती कातडी. आणखी गंमत म्हणजे या पिढीत कंपनीने पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर दिले आणि स्टेपनी व जॅक दोन्ही काढून टाकले. म्हणजे ही गाडी उचलणारा प्रत्येक जण बाहेरून जॅक आणणार, आणि मी लावला तसा लावणार!

त्या तुळयांना खालून चार लांबट खाचा आहेत. गाड्या ट्रकवर बांधून नेताना त्यांचा उपयोग होतो. तिथे बसणाऱ्या जाड चकत्या विकत मिळतात. चकती खाचेत अडकवली की ती पट्टीच्या खाली येते, आणि वजन थेट हाडावर जातं. पट्टीला स्पर्शही होत नाही. दोन-चार डॉलरच्या रबराच्या तुकड्याने माझी अब्रू वाचली असती.

पुढच्या रविवारी आम्ही परत बसलो, या वेळी वाचून. गाडीचं नाक इतकं खाली की जॅकच आत जाईना. मग आधी पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण्या लावल्या. चारही चकत्या बसवल्या. बुटका, लांब जॅक मधून आत सरकवला आणि इंजिनाखालच्या आडव्या चौकटीला लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून टेकवला. तिथे आणखी एक आडवी पट्टी दिसते, जॅक लावायला अगदी आयती. ती मात्र स्प्रिंग आहे, तीही फायबरचीच. तिला हात लावायचा नाही! आणि जॅकची चाकं मोकळी हवीत, कारण त्याचा हात सरळ वर न जाता कमानीत जातो. जॅक सरकला नाही तर गाडी सरकते.

गाडी वर आल्यावर दोन चकत्यांखाली स्टँड लावले, आपले मिस्त्री ज्याला घोडी म्हणतात ते. जॅक हळूच उतरवून वजन घोड्यांवर सोडलं. मग गाडीला हाताने गदागदा हलवून पाहिलं, आणि तेव्हाच मित्र खाली गेला.

इथे मला जरा घाम फुटला. कारण आदल्या शनिवारी आमच्याकडे घोड्या नव्हत्याच. पट्टी तडकली नसती तर मी नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली सरपटत गेलो असतो. जॅकमधला तेलाचा दाब एका रबरी सीलवर टिकलेला असतो. ते सील गेलं की दीड टन खाली येतो, आणि तो विचारून येत नाही. जॅकचं काम उचलायचं, धरून ठेवायचं काम घोडीचं. ती तडकलेली पट्टी मला फार स्वस्तात पडली.

हे सगळं स्पोर्ट्स कारवाल्यांचे चोचले वाटतील. पण आजच्या बऱ्याच विजेच्या गाड्यांची बॅटरी तळाशी आडवी पसरलेली असते. म्हणजे पोटाचा मोठा भाग हाड नाहीच, आणि तिथे जॅक लागला तर नुसत्या पट्टीवर भागत नाही. उचलायच्या जागा कंपनीने ठरवून दिलेल्या असतात आणि मॅन्युअलमध्ये चित्रही असतं. तेव्हा पुण्यात काय किंवा ठाण्यात काय, पंक्चरवाला घाईघाईने जॅक सरकवायला लागला तर मोबाइल खिशात ठेवा आणि खाली वाकून म्हणा, "दादा, एक मिनिट. तिथे नको, इथे."

मित्राने ती पट्टी अजून बदललेली नाही. मी पैसे देऊ केले तर म्हणाला, "राहू दे रे, तुला बघायला बरी." परवा गेलो तेव्हा भेगेवर चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर मार्करने बाण काढला होता. आतल्या खाचेकडे.