तोंडी नकाराला अपील नसते : धारवाडच्या मुलापासून नगरच्या मुलीपर्यंत

१८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेने त्याला प्रवेश नाकारला होता. फी भरायची तयारी नव्हती किंवा अभ्यास कच्चा होता, असे काही नव्हते. तो महार होता, एवढेच कारण. सरकारी ठरावात त्याचा उल्लेख 'महार अर्जदार' एवढाच येतो. पण शाळेने दार लावल्यावर हा मुलगा घरी रडत बसला नाही. त्याने थेट सरकारला जाब विचारला.

२१ जुलै १८५६ रोजी मुंबई सरकारने निर्णय दिला. त्याचा आशय असा : न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूने आहे, पण एकट्यादुकट्यासाठी शतकानुशतकांच्या समजुतींना हात घातला तर शिक्षणकार्याचेच नुकसान होईल. तुझे बरोबर आहे, पण तुला प्रवेश नाही! आजही कितीतरी कार्यालयांत आपल्याला हेच उत्तर थोड्या गोड भाषेत मिळते.

मात्र प्रकरण तिथे संपले नाही. कागद कलकत्त्याला पोचले. जानेवारी १८५७ मध्ये भारत सरकारने कळवले की बंगाल इलाख्यातील सरकारी शाळेत या मुलाला नकार मिळाला नसता. १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व स्पष्ट केले. तरी प्रत्यक्षात शाळांची दारे उघडली नाहीत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांना महार-मांगांच्या मुलांची हीच व्यथा मांडावी लागली. पण अर्जाची नोंद राहिली. बहात्तर वर्षांनी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला निवेदन दिले, तेव्हा त्यात धारवाडचे हे प्रकरण पुरावा म्हणून मांडले. एका मुलाचा फेटाळलेला अर्ज संपूर्ण समाजाचा दस्तऐवज झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. याच शहरात अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार मुलींची शाळा चालवत होत्या आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. सावित्रीबाई पहिल्या शिक्षिका म्हणून आपल्याला पाठ आहेत. पण त्यांचे शेवटचे काम कोणते होते? रुग्णसेवा. १८९७ च्या प्लेगमध्ये मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यासाठी त्या रुग्ण गोळा करत होत्या. मुंढव्याच्या महारवस्तीतील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शिकवणे आणि शुश्रूषा ही त्यांच्यासाठी एकाच लढ्याची दोन कामे होती.

शुश्रूषेचे काम आपल्या बायकांना नवीन नाही. बाळाची नाळ कापणे, बाळंतिणीचे मळलेले कपडे धुणे ही कामे विटाळाची ठरवून गावोगाव आपल्याच वस्त्यांतील बायकांवर लादली होती. त्या कामाला मान नव्हता, पगार नव्हता. तेच काम नर्सिंग झाले, त्याला पदवी आली, सरकारी नोकरी आली, परदेशाची वाट आली, आणि प्रवेशासाठी रांग लागली. फुकटची वेठ आपली होती आणि पगाराची जागा मात्र स्पर्धेची, हे कसे?

मागच्या एका प्रवेशफेरीत पाथर्डी तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे आली. बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिलेली, गुण चांगले. गुणवत्ता यादीत मात्र तिचे नाव खुल्या प्रवर्गात गेले होते आणि तिथे तिचा नंबर लागत नव्हता. कागदपत्रे तपासणाऱ्याने सांगितले, 'शाळेच्या दाखल्यावर बौद्ध आहे, जात प्रमाणपत्र अनुसूचित जातीचे आहे. जुळत नाही.' वडील म्हणाले, 'जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू.'

आम्ही 'जाऊ द्या' म्हणालो नाही, कारण या एका वाक्यामागे जवळपास चौतीस वर्षांचा झगडा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांच्या सवलती गेल्या. १९६० मध्ये महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या दिल्या. केंद्राची दारे उघडायला १९९० उजाडले. त्या वर्षी संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून हिंदू आणि शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द घातला. दाखल्यावर बौद्ध असणे हा अपात्रतेचा पुरावा नाही. संसदेने मान्य केलेली गोष्ट एका टेबलावर नाकारली जात होती.

आम्ही दोनच गोष्टी केल्या. नकार लेखी मागितला आणि हरकतीची मुदत संपण्याआधी लेखी हरकत दिली. १९९० ची दुरुस्ती, आजोबांच्या शाळेच्या नोंदीची प्रत, वडिलांचे वैधता प्रमाणपत्र सोबत जोडले. पानभर मजकूर, एकही शिवी नाही, एकही विनवणी नाही. पुढच्या यादीत तिचा प्रवर्ग दुरुस्त झाला आणि जागा मिळाली. त्याच आठवड्यात तशाच कारणाने परत पाठवलेली दुसरी एक मुलगी आम्हाला भेटली. तिची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. हरकत घेता येते, हेच तिला कोणी सांगितले नव्हते. तिचे वर्ष गेले. ते आमच्याही खात्यावर लिहिलेले आहे.

काही तरुण म्हणतील, अर्ज-विनंत्यांनी काय होते, रस्त्यावर उतरा. बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, पण तळे सर्वांना खुले असल्याच्या निकालासाठी १९३७ पर्यंत न्यायालयातही लढले. दोन्ही लढायांना कागद लागतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कृष्णवर्णीय परिचारिकांना छप्पन्न जागांची मर्यादा घातली होती. मेबल स्टॉपर्स यांनी १९०८ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या संघटनेच्या बळावर वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, जनमत उभे केले. जानेवारी १९४५ मध्ये लष्कराला ती मर्यादा उठवावी लागली. धारवाडचा मुलगा एकटा होता. स्टॉपर्स यांच्यामागे संघटना होती. फरक तिथे पडला.

एक गोष्ट आपण स्वतःलाही सांगितली पाहिजे. प्रत्येक नकार जातीमुळे नसतो. कटऑफच्या खाली गुण असतील तर हरकतीने जागा मिळत नाही, तिथे अभ्यासिका उभी करावी लागते. पडताळणीही आपल्या विरोधात जन्मलेली नाही. बोगस प्रमाणपत्रांवर राखीव जागा लाटल्या जात होत्या, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या माधुरी पाटील निकालात तपासणीची पद्धत घालून दिली आणि राज्याने पुढे कायदा केला. चोरासाठी लावलेल्या चाळणीत घरमालक अडकू नये, हे पाहणे आपले काम आहे.

म्हणून तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. मुलगी अकरावीत असतानाच आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची गावनोंद, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा राज्यातील वास्तव्याचा पुरावा शोधून ठेवा. प्रांत कार्यालयाने जात प्रमाणपत्र नाकारले तर तीस दिवसांत अपील करता येते. पडताळणी समितीने नाकारले तर आपल्या जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. आणि कोणीही 'होणार नाही' म्हणाले, तर एकच वाक्य बोलायला मुलींना शिकवा : 'साहेब, हे लिहून द्या.'

तोंडी नकाराला अपील नसते. धारवाडच्या मुलाला हे १८५६ मध्ये कळले होते.

जय भीम.