पडद्यावरच्या पायऱ्या

गेल्या महिन्यात आजीला तिच्या लग्नाचा फोटो दुरुस्त करून दिला. साल 1958, नाशिकचा स्टुडिओ, मागे राखाडी पडदा, आजी खुर्चीत आणि आजोबा कोट घालून शेजारी उभे. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अरे, पडद्यावर या पायऱ्या कुठून आल्या?"

इतकं अचूक निदान आमच्या टीममधल्या टेस्टरलाही जमलं नसतं.

आजोबा रेल्वेत, इगतपुरीच्या लोको शेडमध्ये होते. घरही तिथलंच. इगतपुरीचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, चार महिने भिंतींनाही घाम फुटतो. फोटोवर बुरशीचे ठिपके आले म्हणून मी हौसेने स्कॅन करून ठेवला, तोही जेपेगमध्ये, आणि फ्रेम परत खिळ्याला टांगली. पुढच्याच पावसाळ्यात फोटो काचेला चिकटला. सोडवताना आजोबांचा अर्धा कोट काचेवरच राहिला. उरलं ते माझं जेपेग.

आता थोडं गणित, कंटाळू नका. जेपेग म्हणजे एका रंगाला 8 बिट, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटा. ऐकायला भरपूर वाटतात. पण आमचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत 90 ते 130 एवढाच उजळत होता. सोळाशे पिक्सेलमध्ये जेमतेम चाळीस पायऱ्या! मूळ फोटोतल्या फिल्मच्या दाण्यांनी त्यांच्या कडा झाकल्या होत्या. मी शहाण्याने साफसफाई म्हणून आधी दाणेच पुसले आणि वर कॉन्ट्रास्ट वाढवला.

मग त्या पायऱ्या मिटवायला मऊ ब्रश घेतला, अपारदर्शकता फक्त 2 टक्के, म्हणजे हळूहळू रंग चढेल. चढेना! कारण असं, की खालची छटा 125, मला हवी 140, फरक 15. त्याचे 2 टक्के 0.3. पूर्णांकात त्याचं होतं शून्य. शंभर वेळा फिरवा, शंभर वेळा शून्य. सुटे नाहीत म्हणून वरचे पैसे सोडून देणाऱ्या दुकानदारासारखं. हेच 16 बिटमध्ये केलं तर? फोटोशॉपचं 16 बिट प्रत्यक्षात 0 ते 32768 मोजतं, म्हणजे 8 बिटच्या एका पायरीत साधारण 128 बारीक पायऱ्या. तोच फरक 1900 च्या वर जातो आणि दर फटक्याला अडतीसेक पायऱ्या पुढे सरकतो.

ही पायऱ्यांची लढाई मात्र कॉम्प्युटरच्या फार आधीची. 1894 साली घाटकोपरला निघालेला आणि पुढे मळवलीला गेलेला रवि वर्मा प्रेस घ्या. शिळाछापात दगडावर शाई लागते किंवा लागत नाही, मधलं काही नाही. आमच्या भाषेत 1 बिट. देवीच्या गालावरची लाली कारागीर हाताने ठिपके देऊन, दाट-विरळ करत आणायचे, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आमच्या शेजारच्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी याच छपाईच्या धंद्यात होते. गोध्रयाला फोटो स्टुडिओ, मग ब्लॉक बनवणं, आणि 1909 मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीची वारी. हाफटोन ब्लॉकसुद्धा 1 बिटचाच, फक्त ठिपके लहानमोठे करून डोळ्याला फसवायचं. 'राजा हरिश्चंद्र'च्या 1913 आधी हा माणूस ठिपक्यांशी झगडत होता, हे मला भलतंच जवळचं वाटलं.

आणि 1958 चा तो नाशिकचा फोटोवाला? स्कॅन चारशे टक्के मोठा केला तर आजीच्या डोळ्यांखाली स्वल्पविरामासारख्या बारीक रेघोट्या दिसतात. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने केलेलं रिटचिंग. निगेटिव्हवर जिथे शिसं लागेल तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं. किती उजळ, ते हाताच्या दाबावर. तिथे राउंडिंग नाही.

आपण मात्र 1990 साली, फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली तेव्हा, परत पायऱ्यांवर आलो. दोष कोणाला देणार? 1500 गुणिले 1000 पिक्सेलचा रंगीत फोटो 8 बिटमध्ये साडेचार एमबी, 16 मध्ये नऊ. तेव्हाच्या मशीनमध्ये एवढी मेमरी म्हणजे चैन होती. पुढे 16 बिट आलं, पण लेव्हल्स-कर्व्हज अशा मोजक्या कामांना. लेयर्स आणि रंगवायचे ब्रश त्यात नीट चालायला 2003 चं फोटोशॉप सीएस उजाडलं. फुकट मिळणाऱ्या जिंपला तर 2018 ची 2.10 आवृत्ती लागली.

असो. जेपेग 16 बिटमध्ये उघडलं. त्याने हरवलेल्या छटा परत येत नाहीत, पण पुढचे फटके तरी शून्य होत नाहीत. पायऱ्या मिटवल्या, पुसलेल्या दाण्यांऐवजी थोडे खोटे दाणे पेरले, नवीन प्रिंट काढली.

आजीने पडदा पास केला. मग बोट कोटावर नेलं. "यांच्या खिशाला पेन होतं. माझ्या बाबांनी दिलेलं."

कोटाच्या त्या भागात 0 ते 3 एवढेच आकडे आहेत. मी म्हटलं, रंगवून देऊ का?

"नको," म्हणाली. "तू कुठे पाहिलंयस ते."