बैलगाडीतला संसार

स्मरणिकेसाठी “स्त्रिया आणि प्रवास” या विषयावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते मेरी लिव्हिंग्स्टन हिचे. आफ्रिकेचा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो. परंतु तीन लहान लेकरे बरोबर घेऊन, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही खेपांना पोटात आणखी एक मूल असताना, कालाहारीच्या मुलखातून बैलगाडीने गेलेली त्याची बायको त्या पुस्तकात कोठेच भेटत नाही.

खरे पाहता आफ्रिका हे नवऱ्याचे नव्हे, तिचे माहेर. तिचा जन्म १८२१ साली दक्षिण आफ्रिकेतील ग्रिक्वाटाऊनचा. तिचे वडील रॉबर्ट मॉफॅट कुरुमान येथे मिशन चालवीत. तेथल्या लोकांची सेत्स्वाना भाषा तिला लहानपणापासून येत असे. १८४५ साली लग्न झाले आणि १८४७ पासून हे जोडपे कोलोबेंग येथे राहू लागले. आजच्या बोट्स्वाना देशाची राजधानी गाबोरोन तेथून जवळच आहे. कोलोबेंगला दुकान म्हणून नव्हते. साबण, मेणबत्त्या, लोणी, सारे मेरीने घरी करावयाचे. मुंग्यांचे वारूळ कोरून त्यात पाव भाजावयाचा. आणि दुपारच्या उन्हात गावात जाऊन शंभराच्या आसपास मुलांची शाळा घ्यावयाची. तरी संशोधकाची बायको म्हणून तिची ओळख एका वाक्यात संपते!

त्यांची गाडी आपल्याकडच्या छकड्यासारखी नव्हे. लांबलचक, चार चाकांची, वर कॅनव्हासचे छत, आणि लांब साखळीला जोडीजोडीने जुंपलेले बारा-सोळा बैल. हाकणाऱ्याच्या हातात भला लांब चाबूक आणि पुढच्या जोडीला धरून चालणारा एक पोऱ्या. तासाला दोन-अडीच मैल चालली तरी पुष्कळ झाले. कोरड्या हवेत चाकांचे लाकूड आकसे आणि लोखंडी धाव सैल होई. गाडीतच निजावयाचे, खाली उतरून चूल मांडावयाची, आणि पाणी असेल तेथेच मुक्काम ठोकावयाचा.

पहिली खेप १८५० च्या एप्रिलात झाली. रॉबर्ट चार वर्षांचा, ॲग्नेस तिसऱ्या वर्षात आणि टॉमस जेमतेम वर्षाचा. झाडे तोडून वाट करीत ही मंडळी एन्गामी सरोवरापाशी पोहोचली. सरोवर नीट दिसावे म्हणून मेरी बैलाच्या पाठीवर बसून सहा मैल गेली. मुले पाण्यात बदकाच्या पिल्लांसारखी खेळली आणि लगेच तापाने आडवी झाली. हिवतापाचे विष डासातून येते, हे रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादेत १८९७ साली दाखविले. तोवर हवेला दोष देण्यापलीकडे कोणाला काही सुचत नसे. बेत सोडून सगळे परत फिरले. ऑगस्टात मेरीला मुलगी झाली, एलिझाबेथ. ती दीड महिन्यात गेली. बाळंतिणीच्या चेहऱ्याची एक बाजू काही काळ लुळी पडली.

यानंतर पुन्हा निघण्याचा बेत कळताच मेरीच्या आईने जावयाला जे पत्र लिहिले, ते वाचताना मला आपल्याच एखाद्या आजीबाईंचा आवाज ऐकू येतो. एक तान्हे गमावले ते पुरेसे नाही काय, दिवस गेलेल्या बाईला आणि पोरांना रानोमाळ परपुरुषांच्या मेळ्यात फिरविणे हे शोभते काय, असा त्यातला सूर आहे. जावईबापूंनी ते पत्र आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवले आणि एप्रिल १८५१ मध्ये गाड्या जुंपल्या.

या खेपेस विल्यम ऑस्वेल हा शिकारी मित्र बरोबर होता. मद्रासेत कंपनी सरकारची नोकरी करून तो आफ्रिकेत आला होता. तो पुढे जाऊन विहिरी उपशी, म्हणून मागून येणाऱ्या गाड्यांना पाणी मिळे. पण पुढे खारवट मैदाने ओलांडल्यावर वाटाड्या वाट चुकला आणि चौथ्या दिवशी नाहीसाच झाला. गाडीतले पाणी एका नोकराने उधळलेले. मुलांपुरता थोडा साठा काय तो उरला. जसजसे पाणी कमी होई, तसतशी पोरांची तहान वाढे. बैल सोडून माणसे पाण्याच्या शोधात गेली ती पाचव्या दिवशी दुपारी पाणी घेऊन परतली. मेरीने एका शब्दानेही दोष दिला नाही, फक्त डोळे भरून आले, असे लिव्हिंग्स्टनने पुढे आपल्या ग्रंथात लिहिले. त्या गप्प राहण्याचे त्याने कौतुक केले आहे; मला मात्र ते कौतुक वाचवत नाही. ती काय म्हणाली असती, हे कोणी तिला विचारले असे दिसत नाही. भरीस भर म्हणजे याच प्रवासात त्सेत्से माशीच्या दंशाने त्रेचाळीस बैल मेले.

चोबे नदीवर मकोलोलो लोकांचा राजा सेबित्वाने भेटला. परके लोक बायकामुलांसह आले, म्हणजे त्यांचा आपल्यावर विश्वास आहे, याचा त्याला फार आनंद झाला. माझ्या मते या खेपेचे निम्मे यश येथेच आहे. बंदुका घेऊन आलेल्या दोन पुरुषांवर जो भरवसा कदाचित बसला नसता, तो गाडीतून उतरलेल्या एका गर्भारशीने आणि तीन धुळकट पोरांनी मिळवून दिला. सेबित्वाने थोड्याच दिवसांत वारला. पुरुष दोघे घोड्यांवर सव्वाशे मैलांपलीकडे झांबेझी नदी पाहून आले आणि नकाशावर नावे चढली. मेरी मुलांना घेऊन तळावरच राहिली.

परतीच्या वाटेवर, १५ सप्टेंबर १८५१ रोजी, झूगा नदीच्या काठी ती बाळंत झाली. ना आई जवळ, ना सुईण. मुलाचे नाव मित्रावरून विल्यम ऑस्वेल ठेवले. घरचे त्याला झूगा म्हणत.

एप्रिल १८५२ मध्ये केपटाऊनहून मेरी चार मुलांसह विलायतेला गेली आणि साडेचार वर्षे नवऱ्याविना राहिली. पुन्हा आफ्रिकेत येऊन ती झांबेझीकाठी शुपांगा येथे २७ एप्रिल १८६२ रोजी तापाने वारली. एका बाओबाब वृक्षाखाली तिला पुरले. आज त्याच चोबे-माबाबेच्या वाटेने जोडपी मोटारीच्या टपावर तंबू लावून हौसेने फिरतात.

झूगाकाठचा तो मुलगा मोठा झाल्यावर, १८७२ साली, बेपत्ता बापाच्या शोधासाठी निघालेल्या तुकडीबरोबर झांजिबारला गेला. तेवढ्यात स्टॅन्ली हा बातमीदार लिव्हिंग्स्टनला भेटून परत आला होता. मुलगा तेथूनच माघारी वळला. पुढच्याच वर्षी लिव्हिंग्स्टन वारला. बापलेकांची भेट झाली नाही.