‘गांधी’मध्ये न दिसलेला माणूस

मी चित्रपट समीक्षक नाही, इतिहासकार तर नाहीच. पण रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा ‘गांधी’ (१९८२) मी तीनदा पाहिलाय आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडकलोय.

चित्रपट मोठा आहे, यात वादच नाही. आठ ऑस्कर मिळाली. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी तीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती. कॉम्प्युटरवर वाढवलेली नव्हेत, खरीखुरी. धारासणाच्या मिठागरापुढे सत्याग्रही लाठ्या खाऊन पडतात आणि मागची रांग शांतपणे पुढे येते, तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो.

मग कथा लंडनच्या गोलमेज परिषदेला जाते आणि तिथून उडी मारते ती महायुद्धाच्या काळात. मधलं १९३२ गायब!

त्या वर्षी ब्रिटिशांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. विरोधात गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात आमरण उपोषण सुरू केलं. एकीकडे त्यांचा जीव, दुसरीकडे आपल्या समाजाचा हक्क, अशा कात्रीत बाबासाहेब आंबेडकर सापडले. २४ तारखेला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या.

पटकथेला याहून जास्त नाट्य कुठे मिळणार? पण तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात आंबेडकर हे पात्रच नाही.

अस्पृश्यता आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमात कस्तुरबा संडास साफ करायला नकार देतात, तो प्रसंग रोहिणी हट्टंगडींनी जबरदस्त केलाय. पण तिथे अस्पृश्यता हा नवरा-बायकोच्या भांडणाचा, सवर्णांच्या मनशुद्धीचा विषय आहे. ज्यांनी ती भोगली, त्यांचा स्वतःचा नेता होता, स्वतःची मागणी होती, हे कळतच नाही.

एका चित्रपटात अख्खं आयुष्य मावत नाही, अशी कबुली सुरुवातीलाच पडद्यावर येते. मान्य. पण विरोधक म्हणून इंग्रज आहेत, जिना आहेत, गोडसे आहे. त्यांच्यापुढे गांधीजी मोठेच दिसतात. आंबेडकरांपुढे मात्र त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये (२०००) मम्मुटींचे बाबासाहेब आणि मोहन गोखलेंचे गांधीजी समोरासमोर येतात. ‘गांधी’ बघाच. पण त्यानंतर लगेच हाही लावा.