पेडणे-डिचोलीचा नाविक आणि त्याचे घर

पेडणे तालुक्याची उत्तर सीमा तेरेखोलच्या नदीने आखलेली आहे. एका काठावर किरणपाणी, समोरच्या काठावर आरोंदा. मध्ये होडीचा अल्पसा प्रवास. भाषा, देवदेवस्की आणि सोयरीक यांचा व्यवहार दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या एकच चालत आला. तसे असणे स्वाभाविकच होते. कारण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा सारा मुलूख सावंतवाडीकरांचा होता. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे प्रदेश एकामागून एक पोर्तुगीजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात आरमारी चाकरी केलेल्या इथल्या माणसाचे पुढे काय झाले, हे समजून घ्यावयाचे तर ही होडीची वाट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

समुद्र या लोकांना परका नव्हता. समुद्रापलीकडची चाकरी मात्र परकी होती. १८९५ च्या सप्टेंबरात गोव्यातील मराठा शिपायांना मोझांबिकमधील बंडाळी मोडण्यासाठी आफ्रिकेत जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा ते सरळ बंड करून सत्तरीतील नाणूसच्या किल्ल्याकडे निघून गेले व दादा राणे त्यांना मिळाले. या बंडाचे कारण सांगताना समुद्रोल्लंघनाच्या धर्मभीतीवर सहसा भर दिला जातो. ती भीती खरीच होती. पण आपण परदेशी गेल्यावर मागे राहिलेल्या बायकामुलांच्या पोटाचे काय, हा त्या शिपायांचा दुसरा प्रश्न होता, आणि तो धर्मशास्त्राने सुटणारा नव्हता. तो सरकारनेच सोडवावयाचा होता.

त्यानंतर ४४ वर्षांनी महायुद्ध भडकले, तेव्हा परिस्थिती पुष्कळच पालटली होती. रोजगारासाठी मुंबई गाठणे हा गोमंतकीयांचा परिपाठ झाला होता. बारदेश-साष्टीच्या ख्रिस्ती खलाशांची गावोगावची ‘कूड’ धोबीतलावाच्या परिसरात होती. नव्या काबिजादींतील हिंदू तरुण बहुधा नात्यातल्या कोणाच्या तरी चाळीतल्या खोलीत पथारी पसरी. युद्ध सुरू झाले तेव्हा ‘रॉयल इंडियन नेव्ही’जवळ अवघ्या आठ युद्धनौका होत्या, युद्ध संपताना लढाऊ नौकांची संख्या ११७ आणि माणसांची सुमारे ३०,००० झाली होती. एवढी माणसे हवीत म्हटल्यावर भरतीचे दरवाजे रुंद झाले. गोमंतकीयांना त्या दरवाज्यातून आत जाता आले; मात्र पुष्कळांच्या वाट्याला तोफेऐवजी आचाऱ्याचे किंवा अधिकाऱ्यांच्या वाढप्याचे काम आले. टॉर्पेडो लागलेल्या जहाजावर आचारी व तोफखानेवाला असा भेद राहत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

या नोकरीत एक विलक्षण विसंगती होती. नाविक युद्ध करीत होता ब्रिटिश हिंदुस्थानच्या झेंड्याखाली आणि प्रजाजन होता पोर्तुगालचा, म्हणजे तटस्थ राष्ट्राचा. त्याच्या स्वतःच्या मुलखातील मुरगाव बंदरात तीन जर्मन व एक इटालियन जहाज आश्रयाला उभे होते. ९ मार्च १९४३ च्या रात्री ब्रिटिशांच्या छापेवाल्यांनी त्यांपैकी ‘एरेनफेल्स’वर हल्ला केला, आणि चारही जहाजे त्यांच्या खलाशांनीच पेटवून बुडविली. घरची माणसे युद्धापासून दूर आहेत, या समजुतीला त्या आगीने धक्का दिला असणार.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरील नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न, अधिकाऱ्यांची अरेरावी, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता हे मुद्दे सर्वश्रुत आहेत. मागण्यांच्या त्या यादीत ब्रिटिश नाविकांच्या बरोबरीने पगार व कुटुंबभत्ता द्यावा, आणि युद्ध संपले असल्याने लवकर मुक्तता करून योग्य रोजगार द्यावा, हेही होते. १८९५ च्या शिपायांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, या वेळी शिस्तबद्ध भाषेत. चारच महिन्यांनी, १८ जून रोजी, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. आरमारातून सुटून घरी परतलेल्याला आपल्या गावीही वारे बदललेले आढळले.

नंतरचे हाल युद्धातल्या हालांहून वेगळे होते. १९५४ पासून हद्दीवरील निर्बंध आवळत गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्यातील पत्रादेवी व इतर नाक्यांवर सत्याग्रह्यांवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्यानंतर भारताने हद्द जवळजवळ बंदच केली. हे पाऊल राजकीय दृष्ट्या समर्थनीय होते. परंतु त्याचा भार प्रथम पडला तो मुंबईच्या मनिऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या घरावर. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला सुट्टी काढून येणारा मुलगा परवान्याशिवाय येऊ शकेना. सातार्ड्याला दिलेली मुलगी पेडण्याच्या माहेराला दुरावली. १९५८ साली गोव्यातील रुपया जाऊन एस्कुदो आला, तेव्हा पैशाचेही नाते तुटले.

१८ डिसेंबर १९६१ रोजी ब्रिगेडियर सगतसिंगांच्या ब्रिगेडमधील मराठा पॅराट्रूपर दोडामार्गाच्या बाजूने डिचोलीत उतरून उसगावाकडे गेले. त्याच दिवशी मुरगावच्या बंदरात ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या भारतीय युद्धनौकांनी ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ला निकामी केले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर वासालू इ सिल्वा यांनी शरणागती दिली.

कायद्याचा हिशेब मात्र त्यानंतर पुरा झाला. युद्धानंतर जो भाऊ मुंबईतच कायमचा स्थायिक झाला होता, तो पाच वर्षांच्या वास्तव्याच्या आधारे घटनेच्या पाचव्या कलमान्वये १९५० सालीच भारतीय नागरिक ठरू शकत होता. त्याच आरमारात राबून जो पेडण्याला परतला, तो पोर्तुगीज प्रजाजनच राहिला. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक मानण्यात आले. पोर्तुगीज नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यास महिन्याभरात तसे लेखी कळविण्याची मुभा होती. एका घरातील दोन भाऊ, एकाच आरमाराचे नाविक, एकाच देशाचे नागरिक झाले ते जवळजवळ १२ वर्षांच्या अंतराने; आणि किरणपाणीची होडी पुन्हा परवान्यावाचून आरोंद्याला लागू लागली.